पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचा का?

"काकू, सप्रेम जय ख्रिस्त.

मी मूळची नगरची. आमचं घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, आमची प्रोटेस्टंट मंडळी आता सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडियात) आहे. मी तान्ही असताना माझा बाप्तिस्मा झाला, पुढे मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करायचा विधी, दृढीकरण, तेही झालं. नोकरीमुळे पुण्यात राहते. इथेच ओळख झालेल्या वसईच्या एका कॅथलिक मुलाशी पुढच्या जानेवारीत माझं लग्न ठरलंय. लग्न त्यांच्या चर्चमध्ये होणार, त्याला माझी हरकत नाही. पण घरच्यांनी तिन्ही बाजूंनी घेरलंय. त्याच्या मावशी म्हणतात, 'तुला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल, नाहीतर हे लग्न संस्कार म्हणून धरलं जाणार नाही.' माझा धाकटा भाऊ एका पेंटेकॉस्टल फेलोशिपमध्ये जातो. तो म्हणतो, 'तान्हेपणी कपाळाला पाणी लावलं तो बाप्तिस्माच नव्हे. आधी बुडवून घे, मग लग्न कर.' आणि आजीचा घोष एकच, 'कॅथलिक लोक कर्मांनी तारण, म्हणजे पापातून सुटका, कमावतात. तुझं तारण विश्वासाने झालंय, ते घालवू नकोस.' त्यातच कळलं की लग्नाच्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, मला कम्युनियन (प्रभुभोजनाची भाकर) मिळणार नाही. माझ्याच लग्नात! ते फार लागलंय मनाला. आम्ही दोघं एकाच येशूला मानतो, मग एवढं अंतर कशाचं? आणि मी करू तरी काय?"

प्रिय मुली,

मावशींचं आधी घेते. त्यांच्या बोलण्याने तू सगळ्यात जास्त धास्तावली आहेस, आणि मिटायला तेच सगळ्यात सोपं आहे. कॅथलिक चर्च तुझा बाप्तिस्मा खरा मानतं. तो पुन्हा द्यायला त्यांच्याच कायद्यात मनाई आहे. बाप्तिस्मा, दृढीकरण आणि याजकपदाची दीक्षा हे तीन संस्कार आत्म्यावर कायमचा ठसा उमटवतात, म्हणून ते आयुष्यात एकदाच घ्यायचे, ही त्यांची शिकवण. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, आणि दुसऱ्या मंडळीत झालेल्या बाप्तिस्म्याबद्दल गंभीर शंका असल्याशिवाय पुन्हा पाणी लावू नये, हेही लिहिलंय. मावशींना मात्र खोटं ठरवू नकोस. साठ-सत्तर वर्षांपूर्वीपर्यंत प्रोटेस्टंट माणूस कॅथलिक झाला की 'आधी झाला नसेल तर' अशी अट उच्चारून बाप्तिस्मा देण्याची पद्धत सर्रास होती. त्यांनी घरातल्या मोठ्यांकडून तेच ऐकलं असणार.

त्यांच्या लेखी बाप्तिस्म्याला लागतं फार थोडं. पाणी हवं, 'पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने' हे शब्द हवेत, आणि चर्च जे करतं तेच करायचा हेतू हवा. देणारा फादर असायलाच हवा असं नाही. बाळंतपणाच्या वॉर्डात जन्मलेलं मूल जाईल असं दिसलं, तर तिथली नर्स, मग ती कुठल्याही धर्माची असो, त्याच्या डोक्यावर पाणी ओतून हे शब्द म्हणू शकते, आणि तो बाप्तिस्मा पोपनी दिलेल्या बाप्तिस्म्याइतकाच पक्का. हा वाद तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि रोमचे बिशप स्टीफन यांच्यात पेटला होता. पाखंडी माणसाने दिलेला बाप्तिस्मा चालतो का, असा तो प्रश्न होता. पुढे संत ऑगस्टीन यांनी बाजू लावून धरली, की बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याचा नसतो. प्रोटेस्टंटांशी झगडा ऐन भरात असताना, १५४७ साली, कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनेही तेच कायम केलं. ज्या लोकांना परिषद पाखंडी म्हणत होती, त्यांचा बाप्तिस्मा तिने खराच धरला.

तेव्हा नगरच्या मंडळीतून बाप्तिस्म्याचा दाखला काढ. त्यावर त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या, नावाचा उल्लेख नसेल, तर पाळकसाहेबांकडून तसं दोन ओळींचं पत्र घे. बाप्तिस्म्यापुरतं वसईच्या फादरांना एवढंच लागेल.

'लग्न संस्कार धरलं जाणार नाही' हे तर अगदीच उलटं आहे. कॅथलिक चर्चच्या मते बाप्तिस्मा झालेल्या स्त्री-पुरुषांचं वैध लग्न हा आपोआप संस्कारच असतो, मग त्यातली एक व्यक्ती प्रोटेस्टंट का असेना. याच्याही पुढे जाऊन सांगते. पाश्चात्त्य कॅथलिक परंपरेत लग्नाचा संस्कार फादर देत नाहीत. वधू-वर तो एकमेकांना देतात. फादर तिथे चर्चचे साक्षीदार म्हणून उभे असतात, संमती विचारतात, आशीर्वाद देतात. म्हणजे जानेवारीत त्या वेदीपुढे तू 'होय' म्हणशील, तेव्हा त्यांच्याच श्रद्धेनुसार नगरच्या सीएनआय मंडळीतली मुलगी एका कॅथलिक माणसाला कॅथलिक चर्चचा संस्कार देत असेल. आणि तू ज्या मंडळीत वाढलीस, तिथे लग्नाला संस्कार म्हणतच नाहीत! तिथे ती देवाने घालून दिलेली पवित्र व्यवस्था. मावशींना हे जरूर सांग, आणि प्रेमाने सांग. बऱ्याच कॅथलिकांनाही ते ठाऊक नसतं. ऐकलं की त्यांचाही चेहरा खुलेल.

आता कम्युनियनचं. तुझं मन खरं दुखलंय ते इथे. एका दमात उत्तर देण्यासारखं हे नाही, जरा सविस्तर लिहिते.

पंथापंथांतलं मुख्य अंतर एका प्रश्नावर येऊन थांबतं. देवाची कृपा माणसापर्यंत पोचते कशी? कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स म्हणतात, संस्कारातून. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस, हात ठेवणं या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींतून ख्रिस्त स्वतः काम करतो आणि कृपा खरोखर देतो. कॅथलिक असे सात संस्कार मोजतात. बाप्तिस्मा, दृढीकरण, परमप्रसाद (म्हणजेच कम्युनियन), पापनिवेदन, आजाऱ्याचा तैलाभ्यंग, याजकदीक्षा आणि विवाह. सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी बायबल हातात घेऊन विचारलं, यातले ख्रिस्ताने स्वतः आज्ञा देऊन नेमलेले कोणते? त्यांच्या हाती दोनच उरले, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. आणि त्या दोघांचंही वजन त्यांनी वचनावर आणि विश्वासावर ठेवलं. वचन ऐकून मनात विश्वास जागतो, आणि संस्कार त्या वचनावर मोहोर उमटवतो. बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल आणखी पुढे गेले. त्यांच्या लेखी बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ताची आज्ञा पाळणं. कृपा आधीच मिळालेली असते, तिची ती जाहीर साक्ष.

आणि तुझ्याच गावात पार दुसरं टोकही आहे. नगरमध्ये बूथ हॉस्पिटल कोणाला ठाऊक नाही? ते चालवणारी मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) बाप्तिस्माही देत नाही आणि प्रभुभोजनही करत नाही. १८८३ साली त्यांनी संस्कार बाजूला ठेवले. मन बदललं आणि आयुष्य पवित्र झालं तर बाहेरच्या चिन्हावाचून अडत नाही, अशी त्यांची धारणा. त्या दवाखान्यात रात्रभर रोग्यांची सेवा करणारे ख्रिस्ती नाहीत, असं म्हणायची तुझ्या भावाची किंवा मावशींची छाती होईल का?

प्रभुभोजनावरून तर सुधारकांचंच आपापसात फाटलं. १५२९ च्या ऑक्टोबरात जर्मनीत मारबुर्गच्या किल्ल्यात मार्टिन ल्यूथर आणि झुरिकचा झ्विंग्ली समोरासमोर बसले. ल्यूथरने बोलणी सुरू होण्याआधी मेजावर खडूने लिहून ठेवलं, 'हे माझे शरीर आहे.' झ्विंग्ली म्हणे, हे आठवणीसाठी आहे, 'आहे' म्हणजे 'दर्शवते'. ल्यूथर त्या शब्दावरून तसूभर हलला नाही. पंधरा मुद्द्यांपैकी चौदा जुळले, पंधरावा अडला तो इथेच. पुढे कॅल्विन या सुधारकाने मधली वाट काढली. ख्रिस्त खरोखर मिळतो, पण पवित्र आत्म्याच्या द्वारे, विश्वासाने, आणि भाकर भाकरच राहते. नगरला १८३१ मध्ये ठाणं उभारणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे काँग्रिगेशनल मिशनरी याच घराण्यातले. तुझ्या पणजोबांना प्रभुभोजन शिकवलं ते त्यांनी. कॅथलिकांचा सिद्धांत मात्र १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून ठरलेला. याजकाने ख्रिस्ताचे शब्द उच्चारले की भाकरीचं रूप, रंग, चव तशीच राहते, पण ती असते ख्रिस्ताचं शरीर.

हा फरक पुस्तकात वाचण्यापेक्षा प्रत्यक्ष बघायचा असेल, तर उपासना संपल्यावर थांब आणि उरलेल्या भाकरीचं काय होतं ते पाहा. वसईच्या चर्चमध्ये उरलेला परमप्रसाद वेदीजवळच्या छोट्या पेटीत कुलूप लावून ठेवतात. तिच्यापाशी दिवसरात्र दिवा तेवत असतो. चर्च रिकामं असलं तरी आत येणारा माणूस त्या दिशेला गुडघा टेकतो, कारण तिथे कोणीतरी आहे असं तो मानतो. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात सूचना आहे, की उरलेलं बाहेर नेऊ नये, पाळकाने आणि दोघाचौघांनी तिथेच आदराने खाऊन संपवावं. काँग्रिगेशनल परंपरेत उपासना संपली की ती साधी भाकर. तीन ठिकाणी तीन रीती, आणि प्रत्येक रीतीमागे एक पूर्ण श्रद्धा उभी आहे.

मग बाप्तिस्मा चालतो तर कम्युनियन का नाही? कारण बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं, पण परमप्रसादाला त्यांच्या मते प्रेषितांपासून अखंड चालत आलेल्या परंपरेतला, रीतसर दीक्षा झालेला याजक लागतो. सीएनआयमध्ये बिशप आहेत, ते इंग्लंडच्या चर्चच्या, म्हणजे अँग्लिकन, परंपरेतून आलेले. पण १८९६ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी अँग्लिकन दीक्षा अवैध ठरवली, आणि तो निर्णय आजही उभा आहे. त्यात आणखी एक गोष्ट. कॅथलिकांसाठी एका ताटात जेवणं म्हणजे आपण एकाच घरचे आहोत असं जाहीर करणं. घर अजून एक झालेलं नाही, तेव्हा ताट एक आहे असं भासवू नये, अशी त्यांची भूमिका. मरणाची वेळ किंवा तसंच मोठं संकट असलं तर इतर ख्रिस्ती माणसालाही काही अटींवर देता येतं, एरवी नाही. ही बंदी एकट्या तुझ्यावर नाही. तुमच्या मंडळीत पाळकसाहेबांनी तुझ्या नवऱ्याला प्रेमाने बोलावलं, तरी त्याच्या चर्चच्या नियमाने त्याला ते प्रभुभोजन घेता येत नाही.

मी स्वतः प्रोटेस्टंट घरातली. प्रभूचं मेज प्रभूचं आहे, ते कोणी अडवू नये, असं माझं मन म्हणतं, आणि ते मी तुझ्यापासून लपवत नाही. पण त्यांचा नियम तुला कमी लेखण्यासाठी केलेला नाही, हेही तितक्याच खात्रीने सांगते. त्या भाकरीला ते जे मानतात, ते मानल्यावर एवढी काळजी घेणं ओघानेच येतं.

यावर उपाय आहे, आणि तो त्यांच्याच चर्चने दिलेला आहे. कॅथलिक आणि इतर ख्रिस्ती यांच्या लग्नात शक्यतो मिस्सा न करता, वचनवाचन, प्रार्थना आणि विवाहविधी एवढंच करावं, असं १९९३ च्या रोमच्या मार्गदर्शिकेत सांगितलंय. त्याने लग्न तसूभरही कमी होत नाही. संस्कार तोच, चर्च तेच, वेदी तीच. फक्त अर्ध्या वऱ्हाडाने उठून रांगेत जायचं आणि उरलेल्या अर्ध्याने, नवरीसकट, बसून राहायचं, हा प्रसंग टळतो. वसईत लग्नाची मिस्सा म्हणजे केवढा थाट असतो ते मला ठाऊक आहे. सासरच्यांना चुकल्यासारखं वाटेल. तरी तुम्ही दोघांनी मिळून फादरांकडे हीच विनंती करावी, असं मी म्हणेन. नगरहून तुमच्या पाळकसाहेबांनाही बोलवा. संमती कॅथलिक फादरच घेतील, पण त्यांच्या परवानगीने पाळकसाहेब शास्त्रपाठ वाचू शकतात, प्रार्थना करू शकतात, चार शब्द बोलू शकतात. आजी पहिल्या बाकावर बसलेली असताना तिच्या ओळखीच्या आवाजात प्रार्थना झाली, तर तिचं अर्धं ओझं उतरेल.

आता तुझा भाऊ. त्याच्यावर चिडू नकोस. त्याच्या मताची परंपरा जुनी आहे आणि तिची किंमत लोकांनी जिवाने मोजली आहे. १५२५ च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही तरुणांनी ठरवलं, की विश्वास आधी आणि बाप्तिस्मा नंतर. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेला असूनही त्यांनी एकमेकांना बाप्तिस्मा दिला. दोन वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला लिमात नदीत बुडवून ठार केलं. कॅथलिकांनी नव्हे, झुरिकच्या प्रोटेस्टंट नगरसभेने. त्या रक्ताचा मान ठेवायलाच हवा.

पण तुझा भाऊ दोन वेगळे प्रश्न एकत्र करतोय. बाप्तिस्मा कोणाला द्यायचा हा एक प्रश्न, आणि पाणी किती वापरायचं हा दुसरा. झुरिकच्या त्या पहिल्या बाप्तिस्म्यात पाणी ओतलं होतं, बुडवलं नव्हतं. उलट ऑर्थोडॉक्स चर्च आजही तान्ह्या बाळाला तीनदा पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतं, आणि लगेच अभ्यंग करून त्याच बाळाला परमप्रसादही देतं. म्हणजे बुडवणं असूनही तान्हेपणी, आणि ओतणं असूनही मोठेपणी, दोन्ही होऊन गेलंय. बायबलमध्ये 'विश्वास धरा आणि बाप्तिस्मा घ्या' असं आहेच, त्याचं म्हणणं तिथून निघतं. पण फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने रात्रीतून आपल्या सगळ्या घराण्यासकट बाप्तिस्मा घेतला, हेही प्रेषितांच्या कृत्यांत आहे. त्या घरात तान्ही मुलं होती की नव्हती, ते त्या पुस्तकाचा लेखक लूक सांगत नाही. दोन्ही बाजू तिथूनच आपापला अर्थ काढत आल्यात.

सीएनआयने या प्रश्नावर जे केलं ते मला मनापासून आवडतं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र आली. अँग्लिकन चर्च, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल या दोघांची मिळून झालेली युनायटेड चर्च, मेथडिस्टांची एक शाखा, बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. यात तान्ह्यांना बाप्तिस्मा देणारेही होते आणि मोठ्यांनाच देणारेही. कोणाला गप्प न बसवता दोन्ही रीती मान्य झाल्या. बाळाला बाप्तिस्मा द्या आणि मोठेपणी त्याने स्वतः विश्वास कबूल करावा, किंवा बाळाचं समर्पण करा आणि समज आल्यावर बाप्तिस्मा द्या. भावाला हे सांग. त्याचं मत बाहेरचं नाही, ज्या मंडळीतून तो बाहेर पडला तिच्या घटनेतच त्याला जागा आहे.

तू मात्र आता बुडवून घेऊ नकोस. दृढीकरणाच्या दिवशी मंडळीपुढे उभी राहून तू स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केलास. भाऊ जे मागतो ते त्या दिवशी घडलेलं आहे. पुन्हा बाप्तिस्मा घेणं म्हणजे आईवडिलांनी तुला देवाच्या हाती दिलं ते फोल होतं असं म्हणणं, आणि तेही केवळ घरातला वाद मिटवायला. बाप्तिस्मा अशा कारणासाठी कोणीही, कोणत्याही पंथात, घेऊ नये.

बाप्तिस्म्याशिवाय तारण होतं का, हा याच्या पोटातला प्रश्न. कॅथलिक म्हणतात, बाप्तिस्मा आवश्यक आहे, पण देव स्वतः आपल्या संस्कारांना बांधलेला नाही. बाप्तिस्म्याची तयारी करताना वारलेला, ख्रिस्तासाठी जीव दिलेला, किंवा सुवार्ता कानावरच न आलेला पण सद्विवेकाने जगलेला, यांनाही तो वाचवू शकतो. आपल्या मराठी मंडळीने तर याबाबत मोठं धाडस पाहिलंय. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यासाठी घरदार आणि समाज पणाला लावला. आणि त्याच टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सगळ्या ख्रिस्तभक्तांसाठी. बाप्तिस्म्याची किंमत त्यांच्याइतकी कोणी मोजली होती? तरी त्यांनी दार उघडं ठेवलं.

आजीशी बोलणं सगळ्यात नाजूक, कारण ती तुझ्या तारणाची काळजी करते आहे, मानापमानाची नाही. तिला सांग, कॅथलिक 'कर्मांनी तारण' शिकवत नाहीत. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ च्या जानेवारीत तारणाबद्दल जे नियम केले, त्यातला पहिलाच नियम आहे, की ख्रिस्ताच्या कृपेवाचून, स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरतो असं म्हणणारा बहिष्कृत असो. पहिलाच!

मग भांडण कशाचं होतं? ल्यूथर म्हणाला, देव ख्रिस्ताकडे पाहून पाप्याला नीतिमान ठरवतो. माणूस आतून अजून पापीच असतो, पण ख्रिस्ताचं नीतिमत्त्व त्याच्या खाती जमा होतं. त्याला लागतो तो विश्वास, आणि सत्कर्मं हे त्या विश्वासाचं फळ. कॅथलिक म्हणतात, देव नुसता ठरवत नाही, तो कृपा आत ओतून माणसाला खरोखर नीतिमान करत नेतो, आणि माणूस त्या कृपेला साथ देतो. ती कृपा वाढते, आणि गंभीर पापाने गमावताही येते. गमावली तर पापनिवेदनाच्या संस्कारात परत मिळते, आणि मरताना शुद्धीचं काम अपुरं राहिलं तर ते शुद्धिस्थानात पुरं होतं. म्हणून ते मेलेल्यांसाठी मिस्सा करतात, आणि म्हणून आजीला वाटतं की हे लोक तारण हप्त्याहप्त्याने फेडताहेत. शुद्धिस्थान आपण प्रोटेस्टंट मानत नाही, मीही मानत नाही. तो फरक खरा आहे आणि राहील. पण मूळ देणगी फुकट आहे, याबद्दल दोघांचं दुमत नाही.

हे माझ्या पदरचं नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत आउग्सबुर्ग शहरात लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तारण केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने, आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नाही, आणि पवित्र आत्मा मिळाल्यावर सत्कर्मांची हाक येते, असं दोघांनी मिळून कबूल केलं. सोळाव्या शतकातले एकमेकांवरचे धिक्कार आजच्या या शिकवणीला लागू नाहीत, असंही म्हटलं. २००६ मध्ये मेथडिस्टांनी ती घोषणा स्वीकारली, पुढे अँग्लिकनांनी पाठिंबा दिला आणि २०१७ मध्ये कॅल्विनच्या परंपरेतल्या चर्चेसनी. म्हणजे आजीचे ते काँग्रिगेशनल पूर्वज, त्यांचे वारसही आता त्यात आले. एका संध्याकाळी आजीजवळ बसून इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाच, पण आठव्या-नवव्या वचनावर थांबू नकोस, दहावंही वाच. कृपेने तारण, आणि लगेच पुढे सत्कर्मांसाठी निर्मिलेलो. दोन्ही पंथ त्याच तीन वचनांवर उभे आहेत, कोणी पहिल्या दोनांवर जोर देतं, कोणी तिसऱ्यावर.

'आम्ही एकाच येशूचे, मग अंतर कशाचं' असं तू विचारलंस. हाच प्रश्न पंडिता रमाबाईंनाही पडला होता. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि मग तिथे आणि अमेरिकेत पंथांची गर्दी पाहून ख्रिस्ती देशांतल्या त्या गोंधळाला त्यांनी बाबेल म्हटलं. कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत त्या मावल्या नाहीत. ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं. तो सापडला तेव्हा बाप्तिस्म्याला आठ वर्षं होऊन गेली होती. आणि त्यांच्याच केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ मध्ये मुलींमध्ये जे आत्मिक जागरण झालं, ते जगातल्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या सुरुवातीच्या घटनांत मोजतात. तुझ्या भावाच्या फेलोशिपची एक मुळी पुणे जिल्ह्यातच आहे. रमाबाईंकडे बघून मला नेहमी वाटतं, की पंथाचे प्रश्न टाळू नयेत, खोलात जाऊन विचारावेत. पण त्यांची उत्तरं मिळेपर्यंत ख्रिस्ताला थांबवून ठेवू नये.

तू तुझ्या पत्रात एक प्रश्न विचारलाच नाहीस. खरा कठीण तोच आहे. मुलांचा बाप्तिस्मा कुठे?

या लग्नासाठी बिशपांची परवानगी लागते. ती मागताना तुझ्या नवऱ्याला वचन द्यावं लागेल, की मी माझी कॅथलिक श्रद्धा सोडणार नाही, आणि सगळी मुलं कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा घेऊन वाढावीत यासाठी माझ्या हातून होईल ते सगळं करीन. वचन त्याचं आहे, तुझ्याकडून कोणी मागत नाही. पण तू ते ऐकलं आहेस, तुला ते समजलं आहे, याची खात्री फादर करून घेतात. हे पहिल्यांदा फादरांच्या टेबलासमोर बसून ऐकू नकोस. आत्ताच दोघं बोला. मूल झाल्यावर बघू, असं म्हणून पुढे ढकललेला हा विषय बारशाच्या वेळी दोन्ही घरं पेटवतो, हे मी या सदराच्या पत्रांत पुन्हा पुन्हा वाचलंय. तुझी मुलं कॅथलिक म्हणून वाढली तरी रात्री झोपताना प्रार्थना तुझी असू शकते, आजीची गाणी त्यांना येऊ शकतात, नातळाला ती नगरच्या मंडळीत बसू शकतात. हे आधी ठरवून मागून घे. आणि तेही तुला पटत नसेल, तर लग्नाआधीच स्पष्ट सांग. त्याचा तो हक्क आहे.

लग्नासाठी कॅथलिक होऊ नकोस. कोणी तसा आग्रह धरला तर सांग, चर्चचाच तसा आग्रह नाही. पुढे कधी, वर्षानुवर्षं मिस्सेला बसून, मनापासून पटलं, तर ती वाट तुला मोकळी आहे. तेव्हाही पाणी लावणार नाहीत, तू विश्वास कबूल करशील आणि ते तुला सामील करून घेतील. नाही पटलं, तर रविवारी तो त्याच्या चर्चला जाईल आणि तू तुझ्या, आणि अधूनमधून दोघं एकमेकांच्या. पुण्यात अशी कितीतरी घरं गुण्यागोविंदाने नांदताहेत.

बिशपांच्या परवानगीचा अर्ज वसईच्या फादरांमार्फतच जातो, आणि त्याला वेळ लागतो. त्याआधी विवाहपूर्व वर्गही करावा लागेल, त्याच्या तारखा विचारून घ्या. नातळाच्या गडबडीत कागद अडकायला नकोत, म्हणून नगरच्या दाखल्यासाठी याच आठवड्यात फोन कर.

तुझी,
काकू